साखर कारखान्यातील वाफेचा जमाखर्च

ऊस हा पदार्थ जात्याच पाणीदार. 100 टन उसात 70 टनांच्या आसपास पाणी असते, आणि चोथ्यात अडकलेली साखर धुऊन काढण्यासाठी चरकांवर गरम पाणी शिंपडण्याची जी तजवीज असते, तिच्यामुळे निघणारा मिश्र रस वजनाने जवळजवळ मूळ उसाइतकाच भरतो. मात्र त्यात साखर व इतर विद्राव्य पदार्थ मिळून शेकडा 15 च्या फारसे पलीकडे काही नसते. हा रस त्यातील विद्राव्यांचे प्रमाण शेकडा 60 होईपर्यंत आटवावयाचा, म्हणजे 100 टन उसामागे सुमारे 75 टन पाण्याची वाफ करावयाची, आणि पुढे पॅनमध्ये साखरेचा दाणा पाडताना आणखीही पाणी घालवावयाचे. एवढे जळण आणावे कोठून?

गुऱ्हाळात या प्रश्नाचा विचार करण्याचे कारण पडत नाही. काहील उघडी असते, चुलवणात चिपाड जळत असते, गुळव्याचे सारे लक्ष पाकावर असते, आणि रसातून उठणारी वाफ खुशाल आढ्याकडे निघून जाते. पण जाताना ती काय घेऊन जाते हे पाहिले पाहिजे. 30 अंशांवरचे एक किलो पाणी उकळीला आणावयास 70 किलोकॅलरी उष्णता पुरते; तेच पाणी उकळीवरच असताना वाफेत रूपांतरित करावयास मात्र 540 किलोकॅलरी लागतात. या सुप्त उष्णतेने पाण्याचे तापमान अंशभरही चढत नाही. ती वाफेच्या पोटात दडून राहते आणि वाफेचे पुन्हा पाणी झाले म्हणजे जशीच्या तशी परत मिळते, अर्थात परत घेणारा कोणी समोर असेल तर.

कारखान्यात इंधन म्हणजे चोथाच, ज्याला तेथे बगॅस म्हणतात. 100 टन उसामागे तो 28 ते 30 टन निघतो, त्याचे निम्मे वजन ओलाव्याचे असते, आणि एक किलो बगॅसपासून सव्वादोन किलोच्या घरात वाफ मिळते. म्हणजे एकूण जमा 65 टनांच्या आसपास. काहिलीच्या पद्धतीने नुसता रस आटवण्याचाच खर्च 75 टन वाफेचा. जमाखर्चाच्या पहिल्याच ओळीत तूट दिसते, आणि चरक, पंप, विजेचे दिवे यांचा खर्च तर अजून मांडलेलाच नाही.

ही तूट भरून काढण्याची युक्ती नॉर्बेर रिलियू याने शोधली. तो 1806 साली न्यू ऑर्लिन्स येथे जन्मला. बाप गोरा, आई आफ्रिकी वंशाची पण गुलामगिरीबाहेरची. पॅरिसमध्ये स्थापत्य व यंत्रविद्या शिकून तो लुइझियानात परतला, तेव्हा तेथील मळ्यांवर गुलाम माणसे एका कढईतून दुसऱ्या कढईत उकळता रस ओगराळ्यांनी उपसत असत. रिलियूने बंद पात्रे एकापुढे एक मांडली. पहिल्यातील रसाला बाहेरून वाफ दिली. त्या रसातून उठलेली वाफ दुसऱ्या पात्राला इंधन म्हणून, दुसऱ्यातली तिसऱ्याला. आता थंडाने गरमाला तापवता येत नाही हा सृष्टीचा कायदा आड येतो. त्यातून त्याने वाट काढली ती निर्वाताची. पुढच्या प्रत्येक पात्रातील दाब मागच्यापेक्षा कमी ठेवला की उत्कलनबिंदू खाली येतो, आणि मागच्या पात्राची उतरलेली वाफही पुढच्या रसाला उकळी आणावयास समर्थ ठरते. 1843 व 1846 साली त्याने या रचनेची पेटंटे घेतली. ज्या देशात त्याच्या आईच्या वंशाची माणसे खरेदीखताने विकली जात होती, तेथील धनिक मळेवाल्यांनी त्याची यंत्रे हौसेने बसवली; माणसाविषयीचे त्यांचे मत मात्र त्यामुळे बदलले नाही, आणि रिलियू पुढे पॅरिसला गेला तो तेथेच 1894 साली वारला.

आपल्या कारखान्यांतील कामगार ज्याला ‘क्वाड’ म्हणतात ती चार पात्रांची मालिका याच तत्त्वावर चालते. पहिल्या बॉडीत, म्हणजे पात्रात, रस 100 अंशांच्या वर उकळतो, चौथीत 55 अंशांच्या सुमारास. त्यामुळे घट्ट होत आलेला रस करपत नाही, हा आणखी एक लाभ. एकच रुपया चार हातांतून फिरून चार सौदे घडवतो, तशी येथे एक टन वाफ जवळजवळ चार टन पाणी आटवते. 75 टनांचा खर्च 19 टनांवर येतो. शिवाय पहिल्या बॉडीला दिलेली वाफही कोरी नसते. बॉयलरमधून निघून, टर्बाइन फिरवून, वीज देऊन मग ती येथे आलेली असते.

इतकी सुंदर युक्ती हाती असूनही वाफेचा अपव्यय दीर्घकाळ चालू राहिला, आणि या कथेतील मला सर्वांत उद्बोधक वाटणारा भाग हाच आहे. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचे गाळप 1950 साली सुरू झाले आणि नंतरच्या दशकांत राज्यभर असे कारखाने उभे राहिले. पण बॉयलर कमी दाबाचे असत आणि 100 टन उसामागे 50 टनांहून अधिक वाफ खर्ची पडणे सामान्य मानले जाई. अभियंत्यांना अधिक कळत नव्हते असे नाही. शिल्लक बगॅसला गिऱ्हाईकच नव्हते. कागद गिरण्या नेत तेवढाच जाई, उरलेला अंगणात ढीग होऊन आगीचे भय वाढवी. अशा स्थितीत बगॅस कसाबसा जाळून संपवणारा बॉयलर हा दोष न ठरता सोयच ठरतो. काटकसरीचे पोवाडे कितीही गायिले तरी जे वाचवून पदरात काही पडत नाही ते कोणी वाचवीत नाही, आणि त्याबद्दल कारखानदारास बोल लावणे मला तरी न्याय्य वाटत नाही.

कारखान्याची जादा वीज विकत घेण्याचे करारनामे होऊ लागले, आणि खतावणीचे हे पान उलटले. प्रत्येक टन वाफेला एकाएकी किंमत आली. 21 किलो दाबाचे जुने बॉयलर जाऊन 67, 87, क्वचित 110 किलोंचे आले; चरकांवरील उधळी टर्बाइने जाऊन विजेच्या मोटरी बसल्या. मधल्या बॉडींतील वाफ काढून पॅन तापवण्यास देऊ लागले, पाचवी बॉडी जोडली गेली, आणि उत्तम कारखान्यांत वाफेचा खर्च 100 टन उसामागे 40 टनांच्या खाली उतरला. बॉयलरच्या पंख्याच्या वाटेत झडप आडवी धरून हवा कमी करण्याऐवजी त्याचा वेगच कमी करण्याची साधी गोष्टही आता केली जाते. वेग निम्मा केला की शक्तीचा खर्च तत्त्वतः आठव्या हिश्शावर येतो, हे गणित जुनेच होते.

सध्या सौर विजेच्या स्वस्ताईमुळे कारखान्याच्या विजेला पूर्वीचा दर मिळेनासा झाला आहे. उलट इथेनॉलच्या आसवन्यांना वाफ हवी असून रसापासून वा साखर पुरती न काढलेल्या ‘बी-हेवी’ मळीपासून इथेनॉल करण्याच्या सवलतींनी ही मागणी वाढवली आहे. म्हणजे वाचलेल्या बगॅसला गिऱ्हाईक आहे, पण ते आता कुंपणाबाहेरचे नसून त्याच आवारातले आहे, आणि शेजारच्या खात्याला द्यावयाच्या वाफेचा भाव काय धरावा यावर संचालक मंडळांच्या बैठका लांबत आहेत.