रेडी किनाऱ्यावरील समुद्रशैवाल आणि त्यांच्या आश्रयाने राहणारे मृदुकाय प्राणी

प्रस्तावना

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या वेंगुर्ले तालुक्यातील रेडी हे गाव महाराष्ट्राच्या किनारपट्टीच्या दक्षिण टोकास वसलेले आहे. जवळच तेरेखोल नदी समुद्रास मिळते व तेथून गोव्याची हद्द सुरू होते. यशवंतगड, गणपतीचे देवस्थान, लोहखनिजाच्या खाणी आणि बंदर यांमुळे हे गाव सर्वपरिचित आहे. ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या खडकांवरील जीवसृष्टीकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. प्रस्तुत लेखात समुद्रशैवाल व मृदुकाय प्राणी यांच्या परस्परसंबंधांचा विचार केला आहे.

शीत व उष्ण समुद्रांतील भेद

उत्तर अटलांटिकसारख्या शीत समुद्रांच्या किनाऱ्यालगत केल्प या प्रचंड तपकिरी शैवालांची वने आढळतात. त्यांतील अनेक जाती बहुवर्षायू असल्याने तेथील मृदुकायांना वर्षभर निवारा मिळतो. निळ्या रेषांचे एक लहान लिंपेट तर केल्पच्या पात्यावरच राहते व तेच खाते.

कोकणातील स्थिती याहून भिन्न आहे. पाणी उष्ण असल्याने येथे केल्प वाढत नाही. सरगॅसम व पडायना ही तपकिरी, उल्वा व कॉलर्पा ही हिरवी, तर ग्रासिलेरिया व हिप्निया ही लाल शैवाले दक्षिण कोकण व गोव्याच्या खडकाळ किनाऱ्यांवर आढळतात. जून ते सप्टेंबर या काळात उंच लाटा शैवाले उखडतात, पाणी गढूळ होते आणि नदीच्या गोड्या पाण्यामुळे क्षारता घटते. पावसाळा ओसरल्यावर शैवाले पुन्हा वाढू लागतात व हिवाळ्यात ती बहरास येतात. सारांश, शीत समुद्रातील मृदुकायांचे घर कायमचे असते, तर येथील घर दरवर्षी नव्याने उभे राहते.

शैवालातील मृदुकायांचे वैविध्य

शैवालाची फांदी जितकी दाट तितका तिच्यात ओलावा, सावली व लपण्याची जागा अधिक. या निवाऱ्याचा उपयोग निरनिराळे मृदुकाय निरनिराळ्या प्रकारे करतात.

पहिला गट चरणाऱ्या शंखांचा. ट्रोकस, टर्बो व त्यांहून लहान अनेक शंख शैवालाच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म वनस्पतींचा थर दंतपट्टिकेने खरवडून खातात. त्यामुळे शैवालास प्रकाश मिळतो. म्हणजे आश्रित प्राणी आश्रयदात्याच्याही उपयोगी पडतो.

दुसरा गट रस शोषणाऱ्या समुद्री गोगलगाईंचा. एलिसिया ही गोगलगाय कॉलर्पासारख्या हिरव्या शैवालाची पेशी दाताने भेदून आतील द्रव शोषते आणि त्यातील हरितकणू काही काळ स्वतःच्या शरीरात टिकवून ठेवते. ज्याला समुद्रससा म्हणतात तो अप्लिसिया लाल शैवाल खाऊन त्यातील रंगद्रव्यापासून जांभळा स्राव बनवतो व संकटसमयी तो सोडतो.

तिसरा गट पिल्लांचा. शिनाण्यांचे सूक्ष्म डिंभ तंतुमय शैवालास चिकटतात व थोडे वाढल्यावर खडकावर स्थिरावतात. काही म्हाकूल आपली अंडीही शैवालास चिकटवतात. यामुळे शैवालाचा पट्टा मच्छीमारांच्या दृष्टीनेही मोलाचा ठरतो.

पावसाळ्यातील आश्रयस्थाने

शैवाल नष्ट झाल्यावर हे प्राणी कोठे जातात? काहींचे आयुष्यच अल्प असते; त्यांचे डिंभ प्रवाहाबरोबर पुन्हा येतात. इतर प्राणी खडकांच्या भेगांत तग धरतात. जांभा दगड सच्छिद्र असल्याने तेथे अशी स्थाने विपुल असतात. शिवाय सरगॅसमच्या फांद्या तुटल्या तरी खडकास घट्ट चिकटलेला बुंधा पुष्कळदा शिल्लक राहतो व त्यालाच नवे फुटवे येतात. म्हणून पुढील हंगामाची सारी भिस्त खडकावरील भेगा व शैवालाचे बुंधे यांवर असते.

धोके व संवर्धन

या दोन्हींना गाळाचा धोका संभवतो. खनिजाची बारीक माती पाण्यात मिसळल्यास प्रकाश अडतो, भेगा बुजतात आणि मातीच्या थरावर शैवालाच्या बीजाणूंना पकड मिळत नाही. सरगॅसमपासून अल्जिनेट व ग्रासिलेरियापासून अगार मिळतो. त्यासाठी शैवाल बुंध्यासह ओरबाडल्यास पुढील वर्षाचे पीक व त्यातील प्राणी दोन्ही नष्ट होतात. मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. रेडी मात्र त्याच्या हद्दीबाहेर आहे.

अशा किनाऱ्याच्या नोंदी केवळ खडकावरील मोठे शंख मोजून पूर्ण होत नाहीत. शैवालाचा झुबका पिशवीत झाकून बुंध्याच्या वर कापावा, ०.५ मि.मी. छिद्रांच्या चाळणीवर धुवावा आणि १०० ग्रॅम शैवालामागे कोणते प्राणी किती, याची नोंद घ्यावी. ही नोंद प्रत्येक शैवालासाठी स्वतंत्र व प्रत्येक ऋतूत घेणे आवश्यक आहे. पदवी स्तरावरील विद्यार्थ्यांनाही हे काम सहज करता येण्यासारखे आहे.

समारोप

रेडीसारख्या किनाऱ्यावर मृदुकायांचे वैविध्य हे शैवालांच्या वार्षिक पुनरुज्जीवनावर अवलंबून असते. हिवाळ्यातील हिरवा-तपकिरी बहर डोळ्यांस दिसतो; परंतु त्याचा आधार पावसाळ्यात टिकून राहिलेल्या बुंध्यांत व भेगांत असतो. शंखशिंपल्यांचे संवर्धन करावयाचे असल्यास प्रथम हा आधार राखला पाहिजे. किनाऱ्यावरील कोणत्याही प्रकल्पाचे परिणाम तपासताना केवळ बहराच्या हंगामातील पाहणीवर विसंबून चालणार नाही. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर अशा दोन्ही वेळच्या नोंदींची तुलना केल्यासच खरे चित्र स्पष्ट होईल.