कार्यमापन आणि ‘प्रमाण वेळ’ : एक संकल्पना-विचार

एखादे काम करण्यास किती वेळ लागतो, हा प्रश्न वरवर पाहता अत्यंत साधा आहे. काम सुरू झाल्याचा व संपल्याचा क्षण घड्याळावर टिपावा आणि वजाबाकी करावी, की उत्तर हाती आले. परंतु हे उत्तर त्या एका माणसाचे आणि त्या एका दिवसाचे असते. कारखान्याला हवे असते ते निराळेच : ते काम करण्यास किती वेळ लागावा. ‘लागतो’ आणि ‘लागावा’ या दोन क्रियारूपांमधील अंतर ओलांडण्याची जी पद्धतशीर रीत औद्योगिक अभियांत्रिकीने घडविली, तिला कार्यमापन म्हणतात. आणि समय-अभ्यास हे त्या कार्यमापनाचे सर्वांत परिचित साधन होय.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९५७ मध्ये कार्य-अभ्यासावरील आपला मार्गदर्शक ग्रंथ प्रथम प्रसिद्ध केला. त्यातील व्याख्येचा आशय असा : योग्य पात्रतेच्या कामगाराने, नेमून दिलेले काम, ठरविलेल्या कार्यपातळीवर करण्यास लागणारा वेळ निश्चित करणे म्हणजे कार्यमापन. या व्याख्येतील तीनही विशेषणे महत्त्वाची आहेत. कामगार पात्र असावा, कामाची पद्धत आधी निश्चित झालेली असावी आणि कार्यपातळी ठरलेली असावी. यांपैकी एकही अट सुटली, तर उरलेली आकडेमोड कितीही काटेकोर असली तरी व्यर्थ ठरते.

समय-अभ्यासाचा आरंभ सामान्यतः फ्रेडरिक टेलरपासून मानला जातो. फिलाडेल्फियातील मिडव्हेल पोलाद कारखान्यात १८८१ च्या सुमारास त्याने हे काम सुरू केले. संपूर्ण कामाचा एकत्रित वेळ न घेता कामाचे लहान लहान घटक पाडावेत व प्रत्येकाचा वेळ स्वतंत्रपणे टिपावा, ही त्याची मुख्य सूचना. भाषाभ्यासकास यात आपल्या शास्त्राची आठवण व्हावी. उच्चाराचा प्रवाह अखंड असतो. त्याचे खंड पाडण्यास निश्चित निकष लागतो. कामाचेही तसेच आहे. एक घटक कोठे संपला व दुसरा कोठे सुरू झाला, हे डोळ्यांनी दिसणाऱ्या किंवा कानांनी ऐकू येणाऱ्या खुणेवरून ठरवावे लागते : हात दांड्यावरून सुटला, सुटा भाग पेटीत पडल्याचा आवाज झाला, इत्यादी. फ्रँक व लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने याही पुढे जाऊन हातांच्या मूलभूत हालचालींची यादी केली आणि त्या प्रत्येक हालचालीस ‘थर्ब्लिग’ असे नाव दिले. आपल्याच आडनावाची अक्षरे उलटी मांडून, थोडा फेरफार करून, त्यांनी हा शब्द बनविला होता.

घटक पाडल्यावर स्टॉपवॉचने प्रत्येक घटकाची अनेक निरीक्षणे घेतात. या घड्याळाच्या तबकडीवर बहुधा मिनिटाचे शंभर भाग केलेले असतात, म्हणजे हिशोब दशांशात होतो. येथपर्यंतची क्रिया शुद्ध मापनाची आहे. यानंतरची पायरी मात्र वेगळ्या जातीची आहे. निरीक्षक कामगाराच्या गतीचे व परिणामकारकतेचे मूल्य ठरवितो. यास गतिमूल्यांकन म्हणता येईल. ब्रिटिश प्रमाण-मोजपट्टीवर १०० हा प्रमाण कार्यपातळीचा अंक आहे. तो मनात ठसावा म्हणून दोन दाखले देण्याची प्रथा आहे : सपाट जमिनीवर ओझ्याविना ताशी चार मैल, म्हणजे सुमारे ६.४ किलोमीटर, चालणे. किंवा बावन्न पत्त्यांचा जोड ०.३७५ मिनिटात वाटणे. निरीक्षकाने ही प्रतिमा मनात बाळगून समोरच्या कामगारास ९०, ११० किंवा १२५ असा अंक द्यावयाचा असतो.

निरीक्षित वेळास या अंकाने गुणून शंभराने भागले म्हणजे मूल वेळ येतो. त्यात सवलतींची भर घालावी लागते. वर उल्लेखिलेल्या ग्रंथातील कोष्टकात वैयक्तिक गरजांसाठी पुरुषांना ५ व स्त्रियांना ७ टक्के, आणि मूलभूत थकव्यासाठी ४ टक्के सवलत दिली आहे. उभे राहून काम, अपुरा प्रकाश, गोंगाट अशा कारणांनी ती वाढते. मूल वेळ व सवलती मिळून प्रमाण वेळ होतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. हाताने करावयाच्या एका कामाचा निरीक्षित वेळ सरासरी ०.८० मिनिट आहे. निरीक्षकाने १२५ हा अंक दिला, तर मूल वेळ १.०० मिनिट होतो. २० टक्के सवलत धरता प्रमाण वेळ १.२० मिनिट आणि आठ तासांचे, म्हणजे ४८० मिनिटांचे, काम ४०० नग. आता दुसऱ्या निरीक्षकाने त्याच कामगाराला ११० हा अंक दिला असे समजा. मूल वेळ ०.८८, प्रमाण वेळ १.०५६ मिनिट, आणि दिवसाचे काम सुमारे ४५४ नग. घड्याळ तेच, माणूस तोच, हातही तेच. तथापि केवळ मूल्यांकनातील फरकाने कामगाराच्या वाट्यास रोज चोपन्न नग अधिक आले. वेतन नगांवर असेल, तर हा फरक थेट त्याच्या घरच्या चुलीपर्यंत पोहोचतो.

या विषयाभोवती झालेले तंटे या पार्श्वभूमीवर समजून घ्यावयास हवेत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रागारात ऑगस्ट १९११ मध्ये ओतकाम करणाऱ्या कामगारांनी स्टॉपवॉचला विरोध करून काम थांबविले. प्रकरण कायदेमंडळापर्यंत गेले. लष्करी कारखान्यांतील अशा समय-अभ्यासासाठी सरकारी पैसा वापरण्यास पुढे १९१५ पासून निर्बंध घालण्यात आले आणि ते १९४९ पर्यंत राहिले. मुंबईतील कापड गिरण्यांचा १९२८ मधील एप्रिल ते ऑक्टोबर असा चाललेला सार्वत्रिक संप स्टॉपवॉचमुळे झाला नव्हता. परंतु विणकराने दोन मागांऐवजी तीन माग सांभाळावेत, ही योजना त्यातील वादाचा एक मोठा विषय होती. एका माणसाचे ‘योग्य’ काम किती व ते कोणी ठरवावे, हा तेथेही मूळ प्रश्न होता.

निरीक्षकाचा निर्णयच टाळता आला तर? १९४८ मध्ये मेनार्ड, स्टेगेमर्टन व श्वाब यांनी प्रसिद्ध केलेली एम. टी. एम. पद्धती हा या दिशेचा प्रयत्न होय. तीत हात पुढे नेणे, पकडणे, हलविणे अशा हालचालींचे वेळ आधीच कोष्टकात दिलेले असतात. त्यांचे एकक तासाचा एक लक्षांश भाग, म्हणजे ०.०३६ सेकंद, इतके सूक्ष्म आहे. परंतु ही कोष्टके ज्या चित्रफितींवरून सिद्ध झाली, त्यांतील कामगारांच्या गतीचेही मूल्यांकन करूनच वेळ निश्चित केले गेले होते. निर्णय नाहीसा झाला नाही. तो कोष्टकाच्या आत गेला.

मराठीतील ‘प्रमाण’ हा शब्द येथे उद्बोधक ठरतो. त्याचा एक अर्थ माप, दुसरा पुरावा आणि तिसरा सर्वमान्य आदर्श. ‘प्रमाण भाषा’ या संज्ञेत हा तिसरा अर्थ आहे. न्यायशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर निरीक्षित वेळ हे प्रत्यक्ष होय; गतिमूल्यांकन हे मनातील प्रतिमेशी केलेल्या तुलनेमुळे उपमानाच्या जवळ जाते; आणि १०० या अंकाचा अर्थ तर केवळ संकेताने ठरलेला असतो. प्रमाण वेळ या तिहींच्या संयोगाने बनतो. तो माप म्हणून उपयुक्त आहे यात शंका नाही. उत्पादनाचे नियोजन, यंत्रांची संख्या व खर्चाचा अंदाज त्यावाचून करणे अवघड जाते. दोष उत्पन्न होतो तो संकेताने ठरलेला आदर्श हा निसर्गसिद्ध पुरावा म्हणून पुढे केला जातो तेव्हा.

म्हणून कोणताही प्रमाण वेळ स्वीकारण्यापूर्वी अभ्यासकाने काही गोष्टी तपासाव्यात. कामाची पद्धत लेखी नोंदविली होती काय? मोजपट्टी कोणती होती व मूल्यांकनाचा अंक काय दिला? सवलती कशाकशासाठी धरल्या? आणि ज्याच्या कामाचे मापन झाले, त्याला हे आकडे पाहण्याची व त्यांवर आक्षेप घेण्याची मुभा होती काय? घड्याळ ‘लागतो’ एवढेच सांगू शकते. ‘लागावा’ हे माणसे ठरवितात, आणि त्याची जबाबदारीही त्यांनीच घ्यावयाची असते.