चेंगदूचे दिवस (भाग ११) : उकळी फुटलेलं पाणी

रात्रीचे साडेदहा वाजले होते. चेंगदूहून कुनमिंगला निघालेली आमची हिरवी गाडी डोंगरात शिरली होती आणि डब्याच्या टोकाला रांग लागली होती. कुणाकडे चहाची पत्ती घातलेली काचेची बाटली, कुणाकडे कागदी वाडग्यातल्या कोरड्या नूडल्स. एका आजोबांच्या कडेवर नातू आणि हातात त्याच्या दुधाची बाटली. सगळे थांबले होते ते उकळत्या पाण्याच्या नळासाठी. आम्ही दोघं घरून आणलेले स्टीलचे पेले घेऊन रांगेत उभे राहिलो. पेला भरला, तो इतका चटका देणारा की हातात धरवेना. मागच्या बाईंनी काही न बोलता गळ्यातला छोटा टॉवेल काढला, पेल्याभोवती गुंडाळला आणि "मान मान," म्हणजे सावकाश, एवढंच म्हणून पेला माझ्या हातात दिला.

गेल्या आठवड्यात आपण चेंगदूच्या भाजीबाजारात हिंडलो. आज विषय आहे गरम पाणी. दोन कोटींहून अधिक वस्तीच्या या शहरात चार वर्षं काढल्यावर मला मनापासून वाटतं, की इथली माणसं ओळखायची तर सुरुवात या पाण्यापासून करावी.

आधी शब्द. उकळलेल्या पाण्याला चिनी भाषेत 'खाय-श्वेइ' म्हणतात. 'खाय' म्हणजे उघडणं. आपल्याकडे पाण्याला उकळी 'फुटते', यांच्याकडे पाणी 'उघडतं'. काहीही न घातलेलं उकळलेलं पाणी ते 'बाय-खाय-श्वेइ', आणि तेच उकळून गार केलं की 'ल्यांग-बाय-खाय'. पावसाळ्यात आमच्या घरी आई रोज रात्री पातेलंभर पाणी खळखळून उकळायची, गाळून माठात ओतायची. त्या पाण्याला मराठीत वेगळं नाव नाही, इथे आहे. रोजच्या वापरातली वस्तू असेल, तर भाषा तिला नाव देतेच.

उकळत्या पाण्याकडे इतक्या बारकाईने पाहण्याची इथली सवय जुनी आहे. आठव्या शतकात लू यू यांनी 'चा चिंग' हा चहावरचा ग्रंथ लिहिला. त्यात उकळीच्या तीन पायऱ्या आहेत. पहिलीत माशाच्या डोळ्यांएवढे बुडबुडे येतात आणि पाणी हलका आवाज करू लागतं. दुसरीत भांड्याच्या कडेने मोत्यांच्या सरीसारखे बुडबुडे उठतात. तिसरीत लाटा उसळतात. त्यापुढे पाणी 'म्हातारं' होतं, ते पिऊ नये, असं ते बजावतात. भाताचं आधण आलं की नाही हे नुसत्या आवाजावरून ओळखणाऱ्या आपल्या आज्यांना लू यूंचं म्हणणं लगेच पटलं असतं.

पण ग्रंथात लिहिलं म्हणून घरोघरी पाणी उकळत नसतं. त्याला सरपण लागतं आणि सरपणाला पैसे. चेंगदूच्या चहाघरांचा इतिहास लिहिणारे अभ्यासक वांग दी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं जे शहर उभं केलं आहे, ते वाचताना मला हे नीट कळलं. शहरातल्या विहिरींचं पाणी चवीला बरं नव्हतं, म्हणून चहाघरं नदीचं पाणी वाहून आणत आणि तशी पाटी दारावर लावत. गरिबाच्या घरी किटलीभर पाण्यासाठी चूल पेटवणं परवडत नसे. मग गल्लीतली माणसं चहाघरातून उकळतं पाणी विकत नेत. त्याच चुलीवर कुणाचा औषधाचा काढा आटे, कुणाचं मांस शिजे. शांघायमध्ये याच कामासाठी गल्लीबोळांत पाणी तापवणारी वेगळी दुकानं होती. त्यांना 'लाओहू-त्साओ', म्हणजे वाघाची चूल, म्हणत.

पुढे या सवयीच्या पाठीशी सरकार उभं राहिलं. १९३४ मध्ये तेव्हा सत्तेवर असलेल्या च्यांग काय-शेक यांनी 'नवजीवन' चळवळ सुरू केली, तेव्हा स्वच्छतेच्या नियमांबरोबर उकळलेलं पाणी पिण्याचाही आग्रह होता. राज्य बदललं, पण हा आग्रह टिकला. १९५२ मध्ये नव्या कम्युनिस्ट सरकारने 'देशभक्तीपर आरोग्य मोहीम' काढली. माश्या, डास, उंदीर यांच्याविरुद्धच्या लढाईबरोबर पाणी उकळून पिण्याचा प्रचार शाळा, कारखाने आणि खेड्यापाड्यांपर्यंत पोचला. संस्थांमधून पाणी तापवण्याच्या खोल्या आल्या. थर्मास घेऊन त्या खोलीकडे जाणं हा कित्येक पिढ्यांच्या वसतिगृहातल्या आयुष्याचा भाग झाला.

थर्मास तर संसाराचाच भाग होता. काचेच्या पोटाचा, बुचाच्या झाकणाचा, लाल रंगाचा आणि त्यावर जोड-आनंदाचं चिन्ह. लग्नात असे दोन थर्मास जोडीने आहेर म्हणून यायचे. आमच्या शेजारच्या बाईंकडे त्यांच्या लग्नातला एक अजून आहे. सिचुआनमध्ये मावशी-काकूच्या वयाच्या बाईंना 'न्यांगन्यांग' म्हणतात, तशाच आम्हीही त्यांना हाक मारतो. जोडीतला दुसरा थर्मास घर बदलताना फुटला, ते सांगताना त्यांचा आवाज अजून हळवा होतो.

या पाण्याचं सगळ्यात देखणं रूप पाहायचं असेल, तर चेंगदूच्या पीपल्स पार्कमधल्या हमिंग चहाघरात जावं. १९२३ पासून ते चालू आहे. झाडांखाली बांबूच्या खुर्च्या, आणि समोर बशी, वाटी, झाकण असा तीन भागांचा पेला. झाकण म्हणजे आकाश, बशी म्हणजे पृथ्वी आणि मधली वाटी म्हणजे माणूस, असं इथे मानतात. चहा मोगऱ्याच्या कुळातल्या फुलांच्या वासाचा. पैसे एकदाच द्यायचे, ते त्या चिमूटभर पत्तीचे. पाणी हवं तेवढं मिळतं. पूर्वी लांब चोचीची तांब्याची किटली घेऊन पाणी घालत फिरणारा वाढपी असे, त्याला मानाने 'चा-बोशी', म्हणजे चहाचा पंडित, म्हणत. झाकण बशीला टेकवून ठेवलं, की तो न सांगता येई. आता बहुतेक वेळा टेबलाशी थर्मासच आणून ठेवतात. रविवारी सकाळी आम्ही तिथे जातो. नवरा वाचतो, मी या लेखमालेची टिपणं काढते. आमच्याच टेबलावर अनोळखी आजोबा पत्ते पिसत असतात. एका चिमटीवर दुपार होते, पण कुणीही 'उठा' म्हणत नाही.

आता पुन्हा गाडीत येऊ. चेंगदू–कुनमिंग हा जुना मार्ग १९७० मध्ये पूर्ण झाला. सुमारे ११०० किलोमीटरचा हा रस्ता डोंगर पोखरून काढला आहे, वाटेत चारशेहून अधिक बोगदे लागतात. नव्या मार्गावरून हा प्रवास आता काही तासांत होतो. जुन्या गाडीत मात्र रात्र काढावी लागते आणि रात्र काढायची तर पाणी हवंच. जुन्या डब्यांत त्यासाठी कोळशाचा बंब असे, आपल्या न्हाणीघरातल्या बंबाचाच थोरला भाऊ. आता विजेवर पाणी तापतं. ताशी ३०० किलोमीटरने धावणाऱ्या गाड्यांतही हा नळ आहे. स्टेशनात, विमानतळावर, दवाखान्यात, बँकेत, सगळीकडे आहे. तो कुणालाही वापरता येतो आणि त्याचे पैसे पडत नाहीत.

गरम पाण्याचं मोल मला इथल्या दुसऱ्या हिवाळ्यात कळलं. १९५० च्या दशकात चीनने छिनलिंग पर्वत आणि ह्वाय नदी यांची रेघ धरून ठरवलं, की तिच्या उत्तरेकडच्या शहरांत घरं उबदार ठेवण्याची सार्वजनिक सोय करायची. चेंगदू त्या रेघेच्या दक्षिणेला आहे. जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर, हवा ओली, ऊन दिसत नाही आणि घरात भिंतीही गार. मी तापाने आठवडाभर पडून होते आणि नवरा कामासाठी दुसऱ्या शहरात अडकला होता. रोज सकाळी दाराबाहेर न्यांगन्यांगचा तो लग्नातला लाल थर्मास भरून ठेवलेला असे. "गरम पाणी जास्त पी," हे वाक्य चीनमध्ये इतक्यांदा ऐकू येतं, की तरुण मुली त्याला वैतागतात. त्या आठवड्यात मी ते रोज दाराआडून ऐकलं, आणि मला त्याचा आधार वाटला.

गेल्या वसंतात आई आली होती. ती आणि न्यांगन्यांग स्वयंपाकघरात बसल्या, मधे दुभाषी म्हणून मी. बोलणं बाळंतपणावर गेलं. बाळंतिणीने महिनाभर गार पाण्यात हात घालायचा नाही, कढवलेलं कोमट पाणीच प्यायचं, असं न्यांगन्यांग सांगत होत्या. "आमच्याकडे सव्वा महिना," आई म्हणाली. मग शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, तिकडचं आलं घातलेलं कोंबडीचं सूप. थोड्या वेळाने माझं भाषांतर मागे पडलं आणि दोघींचे हात बोलू लागले.

जाताना त्या फुकटच्या नळांबद्दल आई म्हणाली, "ही यांची पाणपोईच की." तिच्या लहानपणी आमच्या गावाच्या वेशीवर चैत्रात पाणपोई लागायची. ओल्या फडक्यात गुंडाळलेले रांजण, वर पळी. वाटसरूला कोण, कुठला, हे कुणी विचारत नसे. तिथे पाणी गार होतं, इथे कढत आहे. गाडीतल्या त्या बाईंनी टॉवेल पुढे केला, तेव्हा त्यांनीही मला कोण, कुठली, हे विचारलं नव्हतं.

हे सगळं पाणी चेंगदूत येतं ते मिन नदीचं. इसवी सन पूर्व २५६ च्या सुमारास ली बिंग नावाच्या अधिकाऱ्याने धरण न बांधता ही नदी दुभागली, आणि ती व्यवस्था आजही या मैदानाला पाणी देते आहे. पुढच्या आठवड्यात आपण तिथे, दूच्यांगयानला जाऊ.