‘स्नान’, ‘तेविला’ आणि ‘बाप्तिस्मा’ : एका शब्दाची मर्यादा

शहापूर तालुक्यातील भातसा आणि मुरबाडमधील काळू यांचे पाणी पुढे उल्हास नदीस मिळते आणि ठाण्यावरून वसईच्या खाडीत जाते. वरच्या अंगाच्या पाणवठ्यांवर स्त्रीने लुगड्यानिशी अंगावर पाणी घ्यावे आणि ओल्या वस्त्राच्या आडोशाने कोरडे नेसावे, अशी रीत. खालच्या अंगाला ठाण्यात मराठीभाषक बेने इस्राएल ज्यूंचे १८७९ मधील ‘शाआर हाशामाईम’ हे प्रार्थनालय आहे, तर वसईत मराठी कॅथलिकांची जुनी वस्ती. या तिन्ही समाजांच्या शुद्धिविधींना मराठी वाचक एकाच ‘स्नान’ या शब्दाने ओळखतो. परंतु हा शब्द आपल्याबरोबर वस्त्रही घेऊन येतो, हे सहसा ध्यानात येत नाही.

मनुस्मृतीत नग्नावस्थेतील स्नान निषिद्ध आहे. भागवतातील वस्त्रहरणाच्या प्रसंगी गोपींना दोष दिला जातो तोही याच कारणास्तव. विवस्त्र जलप्रवेश हा जलदेवतेचा अवमान ठरतो. ज्यू धर्मशास्त्राची दृष्टी नेमकी उलट दिसते. ‘तेविला’ म्हणजे ‘मिक्वे’त, म्हणजे साठलेल्या पावसाच्या वा झऱ्याच्या पाण्यात, संपूर्ण बुडणे. देह आणि पाणी यांमध्ये काहीही आड येता कामा नये. अंगठी नको, केसांतील गुंता नको, नखातील मळही नको. म्हणून आधी स्वच्छ आंघोळ करावयाची आणि मगच पाण्यात उतरावयाचे. मराठीत ‘न्हाणे’ या एकाच क्रियापदात मळ काढणे आणि विटाळ फिटणे दोन्ही सामावतात. तेविलेत मळ आधीच गेलेला असतो.

मात्र यावरून नग्नता हेच तेथील तत्त्व, असे अनुमान काढणे घाईचे होईल. वस्त्रांची अडचण असलेल्या ऋतुमती स्त्रीस कपड्यांसह बुडी घेण्याची मुभा तालमुदात आहे, कारण सैल वस्त्रातून पाणी अंगास लागतेच. महत्त्व स्पर्शाला आहे. लज्जारक्षणाची सोय स्थळ, वेळ आणि सोबत यांतून केलेली असते: स्त्रीने रात्र पडल्यावर जावे, जवळ स्त्रीच असावी. धर्मांतर करणाऱ्या स्त्रीस स्त्रियांनी गळ्याइतक्या पाण्यात बसवावे आणि पंडितांनी बाहेर उभे राहून तिला आज्ञा सांगाव्यात, असा दंडक आहे.

आपल्या नद्यांच्या संदर्भात आणखी एक तपशील उद्‌बोधक वाटतो. वाहत्या झऱ्याचे पाणी शुद्धिकारक, पावसाचे मात्र साठून स्थिर झालेलेच चालते. त्यामुळे पावसाने फुगलेल्या नदीविषयी शंका उत्पन्न होते. तालमुदातील शमुवेलाच्या पित्याने आपल्या कन्यांसाठी वसंतात मिक्वे बांधले आणि शरदात चटया घातल्या, असा उल्लेख आहे. चटया पायांखालच्या चिखलासाठी की आडोशासाठी, याविषयी भाष्यकारांत मतभेद आहेत. आषाढातली काळू ज्याने पाहिली आहे त्यास या पित्याची चिंता समजावून सांगावी लागणार नाही.

आरंभीच्या ख्रिस्ती विधीत हीच दृष्टी दिसते. हिप्पोलितसच्या नावावर असलेल्या ‘प्रेषितीय परंपरा’ या ग्रंथात उमेदवारांनी वस्त्रे उतरवावीत, स्त्रियांनी केस मोकळे सोडून दागिने काढावेत, कोणीही परकी वस्तू पाण्यात नेऊ नये, असे सांगितले आहे. क्रमही ठरलेला: प्रथम मुले, नंतर पुरुष, शेवटी स्त्रिया. चौथ्या शतकातील यरुशलेमच्या सिरिलच्या नावे असलेल्या प्रवचनांत या नग्नतेचा संबंध लज्जा न जाणणाऱ्या आदामाशी जोडला आहे. पुढे शिशूंचा बाप्तिस्मा रूढ झाला, पुष्कळ ठिकाणी डोक्यावर पाणी ओतणे पुरेसे ठरले, आणि हा सारा प्रश्नच मागे पडला.

भाषांतरकारांपुढे तो राहिला. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ ‘बुडविणे’. नामान यार्देन नदीत सात वेळा बुडाला, त्या कथेच्या प्राचीन ग्रीक अनुवादातही तेच क्रियापद आहे. बंगालीत बाप्तिस्त मिशनऱ्यांनी ‘बुडविणे’ या अर्थाचा शब्द योजल्याने १८३० नंतरच्या दशकात बायबल सोसायटीशी त्यांचा वाद झाला. मराठी प्रोटेस्टंट परंपरेने ‘बाप्तिस्मा’ हा शब्द तसाच ठेवला. वसईच्या कॅथलिकांत ‘स्नानसंस्कार’ रूढ आहे. पहिला शब्द अर्थ सांगत नाही. दुसरा आपल्या कानाला गोड लागतो, पण पाण्यात उतरणाऱ्या त्या उमेदवाराच्या अंगावर भातसेकाठचे लुगडे पांघरतो.