पूर्वेकडील भाषा आणि आपलीं मुलें

मुलामुलींची शाळेची शेवटची परीक्षा आटोपली, कीं घरांतील वडील मंडळींचा विचारविनिमय सुरू होतो. इंजिनिअर, डॉक्टर, हिशेबतपासनीस ह्या वाटा सर्वांस ठाऊक असतात आणि त्यांविषयीं आजोबांपासून आत्याबाईंपर्यंत प्रत्येकाचें मत तयार असतें. परंतु एखाद्या मुलीनें 'मला जपानी शिकावयाचें आहे' किंवा एखाद्या मुलानें 'मी पाली घेतों' असें म्हटलें, तर क्षणभर सारे स्तब्ध होतात. 'त्यानें पोट कसें भरणार?' असें मग कोणी तरी विचारतोच. हा प्रश्न अयोग्य नाहीं. मात्र त्याचें उत्तर बहुधा माहितीवांचून दिलें जातें, आणि तेवढ्यावर एका आयुष्याची दिशा ठरते. म्हणून आशिया खंडांतील भाषा व विद्या शिकण्याची आपल्या विद्यापीठांत कोणती सोय आहे व तिच्यापासून विद्यार्थ्यास काय लाभतें, ह्याचा येथें विचार करूं.

हा विषय पुण्यामुंबईच्या लोकांपुरताच आहे, अशी कोणी समजूत करून घेऊं नये. पेण तालुक्यांतील डोलवी गांवाचेंच उदाहरण घ्या. अंबा नदीच्या खाडीकांठीं वसलेल्या ह्या गांवीं आज पोलादाचा प्रचंड कारखाना उभा आहे. ज्या जेएसडब्ल्यू कंपनीचा तो कारखाना आहे, तिच्यांत जेएफई ह्या जपानी पोलाद कंपनीनें २०१० सालीं भाग घेतला. ह्याच रायगड जिल्ह्यास मुंबईशीं जोडणारा आणि २०२४ च्या जानेवारींत खुला झालेला सागरी सेतु जपानच्या कर्जसाहाय्यानें बांधला गेला. म्हणजे जपान आपल्या उंबरठ्यापर्यंत आला आहे. त्याच्याशीं त्याच्या भाषेंत बोलणारें माणूस आपल्या घरांत असावें, असें वाटणें कांहीं अवास्तव नव्हे.

हें दळणवळण नवीन आहे असेंही नाहीं. रोह्याच्या दक्षिणेस, मांदाडच्या खाडीजवळ, कुडें येथें डोंगरांत कोरलेलीं २६ बौद्ध लेणीं आहेत. तेथील शिलालेख ब्राह्मी लिपींत व प्राकृत भाषेंत आहेत. दान देणाऱ्यांमध्यें वैद्य आहे, माळी आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे, आणि भायिला नांवाची एक ब्राह्मण स्त्रीही आहे. तिनें तेथें चैत्यगृह करविलें. समुद्रमार्गानें व्यापार करणाऱ्या त्या काळीं आमच्या कोंकणांतील गृहिणीचें नांव दगडावर कोरलें गेलें. परंतु तें वाचण्याची विद्या मात्र आम्हीं घरांतून घालविली. पेण-रोह्याच्या किती सुशिक्षित कुटुंबांनीं हीं लेणीं पाहिलीं असतील, ह्याचा ज्यानें त्यानें विचार करावा.

ती विद्या परत आणणाऱ्यांत धर्मानंद कोसंबी ह्यांचें नांव अग्रभागीं येतें. गोव्यांतील सांखवाळ येथें १८७६ सालीं त्यांचा जन्म झाला. बौद्ध धर्म जाणण्याच्या ध्यासानें त्यांनीं घर सोडिलें आणि काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असा खडतर प्रवास केला. पुढें कलकत्त्यास पाली शिकविण्याची चांगली जागा मिळाली असतां, महाराष्ट्रांत राहून काम करतां यावें म्हणून त्यांनीं ती सोडिली व सयाजीराव गायकवाड महाराजांनीं देऊं केलेलें दरमहा ५० रुपयांचें साहाय्य पत्करिलें. १९१० सालीं 'विसुद्धिमग्ग' ह्या पाली ग्रंथाच्या संपादनासाठीं ते अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठांत गेले. ज्यानें मिळकत मोजली नाहीं, त्यास विद्येनेंच सातासमुद्रांपलीकडे नेलें! १९१२ ते १९१८ पर्यंत त्यांनीं पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत पाली शिकविली.

त्यांचे शिष्य पु. वि. बापट हेही हार्वर्डला गेले. मूळ पाली नष्ट झालेला 'विमुत्तिमग्ग' हा ग्रंथ चिनी भाषांतरांत उरला होता. त्याची 'विसुद्धिमग्गा'शीं तुलना करणारा त्यांचा ग्रंथ १९३७ सालीं पुण्यास प्रसिद्ध झाला. पुढें १९७० सालीं हिराकावा ह्या जपानी पंडिताच्या सहकार्यानें त्यांनीं आणखी एका चिनी ग्रंथाचें भाषांतर प्रसिद्ध केलें. एक मराठी माणूस व एक जपानी माणूस चिनी पोथीवर एकत्र बसले आहेत, हें चित्र डोळ्यांपुढें आणावें. म्हणजे ह्या विद्येची व्याप्ति कळेल.

आतां आजच्या सोयीकडे वळूं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठांत पालीचा स्वतंत्र विभाग आहे. मुंबई विद्यापीठांतही पाली विभाग आहे. जपानी भाषेचे वर्ग पुण्यास फर्ग्युसन कॉलेजच्या रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटमध्यें चालतात. दुसऱ्या विषयाची पदवी घेत असतांनाच प्रमाणपत्रापासून सुरुवात करून पायरीपायरीनें पुढें जातां येतें. म्हणजे सर्वस्व पणाला लावण्याची गरज नाहीं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर पुण्यांतच १९१७ पासून असून हजारों जुन्या हस्तलिखितांचा संग्रह तेथें आहे.

अशा विभागांतून होणारे समारंभ पुष्कळांस करमणुकीचे वाटतात. जपानी वक्तृत्वाच्या चढाओढी, सुलेखन, पुष्परचना, कागदाच्या घड्या घालण्याची कला, पाहुण्या पंडितांचीं व्याख्यानें, लेण्यांच्या सहली हे प्रकार वरवर पाहतां पुस्तकाबाहेरचे आहेत. परंतु भाषा जिभेवर बसते ती येथेंच. परक्या माणसापुढें पांच मिनिटें न अडखळतां बोलणाऱ्या मुलीस जो आत्मविश्वास येतो, तो वर्षभर व्याकरण घोकून येत नाहीं. तेव्हां मुलें अशा कार्यक्रमांस जाण्याची परवानगी मागूं लागलीं, तर 'अभ्यास सोडून हें काय?' असें म्हणूं नये.

मराठी मुलांस जपानी भाषा कांहीं बाबतींत सोपी जाते. तिच्यांत क्रियापद आपल्याप्रमाणेंच वाक्याच्या शेवटीं येतें आणि विभक्तीचे प्रत्यय नामापुढें लागतात. तिची वर्णमाला आ, इ, उ, ए, ओ व पुढें का अशी चालते. हा क्रम बौद्ध भिक्षूंनीं आमच्या वर्णमालेवरून तिकडे नेला. आमची सरस्वती तेथें बेंझाइतेन झाली, तर गणपति कांगितेन. पेणच्या कारागिरांच्या हातून घडणारा देव जपानांतही पूजिला जातो, हें ऐकून कोणा भाविकास आनंद होणार नाहीं? अडचण आहे ती लिपीची: नित्याच्या वापरांतील चिनी अक्षरेंच २,१३६ आहेत. त्यांस रोजचा सराव हवा; दुसरा उपाय नाहीं.

पोटाच्या प्रश्नाचें उत्तरही स्पष्टपणें द्यावें. जपानी भाषेच्या प्रावीण्याची परीक्षा १९८४ सालीं सुरू झाली. आज तिच्या पांच पायऱ्या आहेत. सर्वांत खालच्या एकदोन पायऱ्यांवर नोकरी मागावयास जाणें व्यर्थ होय. वरच्या पायऱ्यांपर्यंत जाणारास भाषांतरकार व दुभाषा म्हणून कारखान्यांत वाव मिळतो, आणि त्यास इंजिनिअरी वा हिशेबाच्या ज्ञानाची जोड असेल तर विशेषच. जपानी भाषा व संस्कृति शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस तेथील सरकार शिष्यवृत्तिही देतें. पालीचें तसें नाहीं. तिचें फळ उशिरां मिळतें, जागा थोड्या असतात, आणि मनाची खरी ओढ नसेल तर तिच्या वाटेस न जाणेंच बरें. परंतु ओढ असेल, तर घरानें त्या मुलास दोन वर्षें सांभाळून घ्यावें. एकत्र कुटुंबाचा खरा उपयोग अशाच वेळीं होतो. एकाच्या विद्येचा भार चौघांनीं उचलला, तर तो कोणासच जड होत नाहीं.

म्हणून आमची सूचना इतकीच आहे: नकार देण्यापूर्वीं मुलास घेऊन एकदां तो विभाग पाहून यावें, शिक्षकांशीं बोलावें, शुल्क व वेळ विचारावी, आणि येत्या सुटींत सर्व कुटुंबानें कुड्याचीं लेणीं पहावीं. भायिलेचा लेख तेथें अजून आहे. तो वाचावयास आपल्या घरांतील एखादी मुलगी पुढें झाली, तर तिला कोणीं मागें ओढूं नये.