स्वस्त डिजिटल घड्याळाचे मोल

'जसे दाम तसे काम' हा न्याय बाजारात बहुधा खरा ठरतो. स्वस्त डिजिटल घड्याळाने मात्र तो निदान वेळेपुरता खोटा पाडला आहे. १९७२ साली अमेरिकेत विक्रीस आलेल्या 'पल्सर' या पहिल्या डिजिटल मनगटी घड्याळाची किंमत २,१०० डॉलर होती. १९७६ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने प्लास्टिकचे डिजिटल घड्याळ अवघ्या २० डॉलरांत बाजारात आणले. किंमत अशी कोसळली, तरी वेळेचा नेमकेपणा टिकून राहिला.

याचे कारण घड्याळाच्या रचनेत आहे. त्यातील क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या निम्मी करत गेल्यास पंधराव्या पायरीस बरोबर एक उरतो. तोच आपला सेकंद. हा हिशेब करणारे इवलेसे सर्किट मोठ्या संख्येने तयार झाले, की अगदी अल्प खर्चात पडते. कॅसिओच्या १९८९ सालच्या 'एफ-९१डब्ल्यू' या स्वस्त घड्याळात महिन्याला सुमारे तीस सेकंदांचा फरक गृहीत धरला आहे. किल्लीच्या घड्याळात एवढा फरक एकदोन दिवसांतही पडू शकतो. तात्पर्य, महागड्या घड्याळासाठी मोजलेले जादा पैसे बहुतांशी दागिन्याचे असतात, वेळेचे नव्हे.

याचा अर्थ प्रत्येक स्वस्त घड्याळ घेण्याजोगे असते, असा नव्हे. किल्लीचे घड्याळ बिघडले तर घड्याळजी ते दुरुस्त करी. डिजिटल घड्याळातील सर्किट बिघडले, की ते बहुधा टाकूनच द्यावे लागते. पदपथावरील बिननावाच्या घड्याळाचा पट्टा वर्षभरात तुटला आणि तसा दुसरा मिळाला नाही, तर ती काटकसर कसली? म्हणून खरेदीपूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात : मागचे झाकण उघडता येते काय, सेल नेहमीच्या मापाचा आहे काय आणि पट्टा बदलता येतो काय.

मोबाईल असताना घड्याळ हवेच कशाला, असा प्रश्न विचारला जाईल. परंतु वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकाने वा परीक्षेतील पर्यवेक्षकाने वेळ पाहण्यासाठी पुनःपुन्हा मोबाईल काढणे शोभत नाही. एका सेलवर काही वर्षे चालणारे साधे घड्याळ त्यांच्या कामाचे आहे. मनगटावरील घड्याळावरून माणसाची ऐपत जोखण्याची सवय तेवढी आपण सोडली पाहिजे.