यिवूमध्ये रुळायचं म्हणजे काय?

चीनमध्ये रुळणं म्हणजे चॉपस्टिक्सनं जेवता येणं, असं पुष्कळांना वाटतं. ते थोड्या सरावानं जमतं हो! खरा प्रश्न असा, की आपली कामं आपण दुसऱ्याच्या मदतीशिवाय कधी करू लागतो? उदाहरणासाठी यिवू घेऊ. झेजियांग प्रांतातलं हे शहर छोट्या-मोठ्या वस्तूंच्या घाऊक बाजारासाठी प्रसिद्ध आहे. भारतासह अनेक देशांचे व्यापारी तिथं राहतात.

आधी कागदपत्रं. हॉटेलात उतरलात तर तुमची नोंद हॉटेलवाले करतात. भाड्याच्या किंवा ओळखीच्यांच्या घरी राहायला गेलात, तर 24 तासांच्या आत स्थानिक पोलिसांकडे नोंद करावी लागते. चुकलात तर ताकीद मिळते किंवा 2000 युआनपर्यंत दंड होऊ शकतो. या नोंदीचा कागद जपून ठेवा, कारण निवास परवान्याच्या अर्जाला तो लागतो. दीर्घ मुक्कामाचा व्हिसा असेल, तर तो अर्ज देशात आल्यापासून 30 दिवसांत करायचा असतो.

मग फोन. सिमकार्ड पासपोर्ट दाखवून मिळतं. भाजीवाल्यापासून टॅक्सीपर्यंत सगळे पैसे वीचॅट किंवा अलीपेवर, क्यूआर कोडनं. परदेशी बँकेचं कार्डही त्यांना जोडता येतं. एक अडचण मात्र लक्षात ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप चीनमध्ये बंद आहे आणि वीचॅटवर भारतानं 2020 मध्ये बंदी घातली. तेव्हा घरच्यांशी कशावर बोलायचं, हे निघण्याआधीच ठरवा.

आता मुख्य मुद्दा. सुरुवातीला एखादा दुभाषी किंवा सहकारी सगळं करून देतो. घरमालकाशी तोच बोलतो, दवाखान्यात तोच नेतो. सोय होते, पण सवयही लागते. मग रात्री नळ फुटला आणि त्यानं फोन उचलला नाही, की आपण घरातच अडकलो!

यावर उपाय भाषेचाच. चिनीत विकत घेणं म्हणजे ‘माय’ आणि विकणं म्हणजेही ‘माय’. पहिल्याचा सूर खाली जाऊन वर येतो, दुसऱ्याचा वरून एकदम खाली पडतो. बाजारपेठेच्या गावात हा फरक कळायलाच हवा! मराठी माणसाला एक फायदा आहे. रोमन लिपीत जिथं ‘बी’ लिहितात, तिथं चिनी उच्चार आपल्या ‘प’सारखा असतो, ‘पी’ असेल तिथं ‘फळ’मधल्या ‘फ’सारखा. हे दोन्ही आपल्या जिभेवर आहेतच.

हाक मारतानाही नात्याचा आधार घ्या. आईच्या वयाच्या शेजारणीला ‘आयी’ म्हणतात, म्हणजे मावशी! टॅक्सीवाल्याला, प्लंबरला म्हणायचं ‘शिफू’, म्हणजे उस्ताद.

नावाचंही तसंच. सरकारी कागदावर पासपोर्टवरचंच नाव, अक्षरश: तसंच. पण लोकांसाठी एक सोपं चिनी नाव घ्या. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, भाषा शिकले, 1942 मध्ये तिथंच वारले. तिथले लोक त्यांना ‘के दिहुआ’ या चिनी नावानं ओळखतात.

तेव्हा दर आठवड्याला एक काम एकट्यानं करून बघा. आधी केस कापून या, मग पार्सल आणा, मग नळवाल्याला स्वत: फोन लावा. दुभाष्याशी मैत्री ठेवाच. पण त्याला फोन कामासाठी नाही, जेवायला बोलावण्यासाठी करा.